इंटरनेट पुरवठादाराच्या राउटरवरची रांग आणि राखण

इंटरनेट पुरवठादाराने सर्व ग्राहकांना मिळून कबूल केलेला वेग हा त्याच्याजवळच्या प्रत्यक्ष क्षमतेहून बराच अधिक असतो, आणि सगळे ग्राहक एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत या अनुभवावर हा व्यवहार उभा असल्याने त्यात मुळात गैर काही नाही. अडचण येते ती वापर शिगेला पोहोचल्यावर. माहिती ‘पॅकेट’ नावाच्या लहान तुकड्यांत प्रवास करते, आणि पुढची वाहिनी भरली की पॅकेटना वाट दाखवणारा राउटर त्यांना आपल्या मेमरीत रांगेने थांबवतो. मेमरी स्वस्त होत गेली तशा या रांगा लांबत गेल्या. परंतु टीसीपी ही नियमावली प्रामुख्याने पॅकेट गळाल्यावरूनच मार्ग तुंबल्याचे ओळखून वेग आवरते, त्यामुळे गळती लांबली की इशाराही लांबतो आणि व्हिडिओ कॉलचे पॅकेट भल्यामोठ्या डाउनलोडमागे ताटकळते. जिम गेटिस यांनी ‘बफरब्लोट’ या नावाने पुढे आणलेला दोष तो हाच. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये मांडलेली ‘कोडेल’ पद्धत रांगेची लांबी न मोजता पॅकेटचा खोळंबा मोजते, आणि तो 5 मिलिसेकंदांच्या वर सलग 100 मिलिसेकंद राहिला की पॅकेट टाकून देऊ लागते. ग्राहकाला ‘नेट स्लो’ वाटते तेव्हा नुसती क्षमता वाढवण्याआधी ही रांग तपासणे अगत्याचे आहे.

फायरवॉल, म्हणजे कोणते पॅकेट जाऊ द्यावे हे ठरवणारी राउटरवरची नियमांची साखळी, पुरवठादाराने वेगळ्या दृष्टीने पाहावी लागते, कारण ग्राहकाने काय पाहावे हे ठरवणे हे तिचे काम नव्हे. राउटरचे स्वतःचे रक्षण हे तिचे पहिले काम. लाटव्हियाच्या मायक्रोटिक कंपनीने एका गंभीर त्रुटीवरची दुरुस्ती एप्रिल 2018 मध्ये दिली होती, तरीही ती न बसवलेले आणि व्यवस्थापनाचे दार साऱ्या जगाला खुले असलेले हजारो राउटर, विशेषतः ब्राझीलमध्ये, काही महिन्यांतच परक्यांच्या ताब्यात गेले.

दुसरे काम, म्हणजे खोट्या प्रेषक-पत्त्याचे पॅकेट आपल्या जाळ्यातून बाहेर न जाऊ देणे, अधिक मोलाचे आणि अधिक दुर्लक्षित आहे. हल्लेखोर पॅकेटवर प्रेषक म्हणून बळीचा पत्ता लिहून संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या खुल्या डीएनएस सर्व्हरांना छोटे प्रश्न पाठवतो, आणि त्यांची कितीतरी मोठी उत्तरे बळीवर कोसळतात. हा खोटेपणा खात्रीने ओळखू शकतो तो केवळ उगमाजवळचा पुरवठादार, कारण कोणत्या ग्राहकाला कोणता पत्ता दिला आहे हे त्यालाच ठाऊक असते. असे पॅकेट तिथेच अडवावे ही शिफारस निदान मे 2000 पासून लिखित आहे. मात्र खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा असल्याने तिची उपेक्षा होते, आणि ती समर्थनीय नाही. पॅकेट ज्या जोडणीवरून आले तिकडेच त्याच्या प्रेषक-पत्त्याचा परतीचा मार्ग जातो का, एवढे राउटरने पाहिले तरी बहुतेक घरगुती जोडण्यांना पुरते. दोन पुरवठादारांकडून जोडणी घेणाऱ्या संस्थांसाठी मात्र परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी हाताने ठेवावी लागते.