धणे ओळखू येता कामा नयेत

इंदूरजवळच्या सिमरोलचं नाव आता आयआयटीमुळे सर्वदूर पोचलं आहे. पण याच परिसरात, मेमदी गावी, माउंट एव्हरेस्ट ब्रुअरीजचा बिअरचा कारखानाही आहे. बेल्जियममध्ये बनून २०१५ साली भारतात विकायला आलेली ‘बिरा ९१’ पुढे इंदूर-नागपुरात बनू लागली. त्यामुळे बेल्जियन धाटणीची बिअर पारखायची कशी, हा प्रश्न माळव्याला परका नाही.

त्यातली आपल्याला सर्वांत जवळची विटबिअर. बेल्जियमच्या होगार्डन गावात ही गव्हाची बिअर १९५०च्या दशकात बंद पडली. पिएर सेलिस या दूधवाल्याने १९६६मध्ये ती पुन्हा बनवायला घेतली. जवाचं माल्ट, कच्चा गहू, कडू संत्र्याची वाळलेली साल, धणे, थोडे हॉप्स आणि यीस्ट. यातले गहू आणि धणे तर माळव्याच्या शेतातलेच.

बिअर-परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेच्या गुणतक्त्यात पन्नासपैकी चवीला २०, गंधाला १२, एकूण परिणामाला १०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि रूपाला फक्त ३ गुण असतात. आपल्याकडे मात्र बाटली बर्फगार करून मागवतात आणि फेस पाहून पसंती देतात. इतक्या थंड बिअरचा वासच उमलत नाही. सहा-सात अंशांवर आणा, ग्लास अर्धाच भरा आणि घोट घेण्याआधी हुंगा. फेस बसण्यापूर्वीचा पहिला वास सगळ्यात खरा. रंग फिकट, गढूळसर असावा. तो गढूळपणा दोष नव्हे, गव्हाचा आणि यीस्टचा आहे.

खरी परीक्षा धण्यांची. आपले लांबट धणे न भाजता जाडसर कुटले, की लिंबा-संत्र्याच्या सालीसारखा वास सुटतो. बिअरमध्ये तेवढाच यावा. भाजीचा किंवा मसाल्याचा वास आला, तर प्रमाण चुकलं. संत्रं, धणे आणि यीस्टची हलकी लवंगी झाक यांतलं काहीच वेगळं काढून दाखवता येऊ नये. माझ्या मते हीच उत्तम विटबिअरची खूण. कडवटपणा अगदी कमी, शेवट कोरडा, किंचित आंबूस.

दोषही वासावरूनच कळतात. लोण्याचा वास आंबवणं अर्धवट राहिल्याचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास जुनेपणाचा. आपल्या उन्हाळ्यात हा दुसरा दोष फार आढळतो आणि त्याचं खापर बनवणाऱ्यावर फुटतं. प्रत्यक्षात गरम ट्रक आणि दुकानाची तापलेली फळी बिअरचं मातेरं करतात. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून ऊन लागलं, तर हॉप्समधली द्रव्यं बदलून उग्र दुर्गंधी येते; तपकिरी काच त्यापासून बऱ्यापैकी वाचवते.

म्हणून विटबिअर घेताना आधी बाटलीवरची तारीख वाचा आणि फ्रीजमधलीच मागा. जुनी, तापलेली बाटली चाखून कोणत्याही बिअरबद्दल मत बनवू नका.