चोपडीतला कार्बन, हवेतला कार्बन

नोव्हेंबर २०२५मध्ये ब्राझीलच्या बेलेम शहरात तिसावी हवामान परिषद झाली. ते दोन आठवडे उद्दिष्टे, निधी आणि मसुद्यातले स्वल्पविराम यांच्या बातम्या येत राहिल्या. मला मात्र अजून त्याआधीच्या, १५ ऑक्टोबर २०२५च्या बातमीतून बाहेर पडता आलेले नाही. जागतिक हवामान संघटनेच्या पत्रकानुसार २०२४ साली हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची जागतिक सरासरी ४२३.९ पीपीएमवर गेली. एका वर्षात साडेतीनची भर. १९५७ साली आधुनिक मोजणी सुरू झाल्यापासून एवढी वाढ कधी झाली नव्हती. मथळे या आकड्याचे झाले आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरले.

खरी बातमी आकड्याच्या खाली होती. त्या वर्षी जगाने कोळसा आणि तेल जाळण्यात काही अशी विक्रमी उडी मारली नव्हती. मग हा जादा कार्बन आला कुठून? पत्रक बोट दाखवते वणव्यांकडे, आणि जंगलांनी व समुद्रांनी नेहमीपेक्षा कमी कार्बन उचलला असावा याकडे. वणव्यांच्या संदर्भात ॲमेझॉनचे आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागाचे नाव येते. हे वाचल्यावर पहिला प्रश्न पडायला हवा तो असा, की जंगलाने कार्बन कमी उचलला हे मोजतात तरी कसे?

देशोदेशीची सरकारे संयुक्त राष्ट्रांना उत्सर्जनाचे जे आकडे देतात, ते बहुतांशी मोजलेले नसतात, मांडलेले असतात. इतका कोळसा जाळला, टनामागे इतका कार्बन. इतकी गुरे, डोक्यामागे इतका मिथेन. गुणाकार करा, बेरीज मारा. ही झाली दुकानदाराची चोपडी. ती अगदी प्रामाणिकपणे लिहिलेली असेल, पण रात्री दुकान बंद करताना गल्ला मोजावाच लागतो. इथे गल्ला म्हणजे हवा. हवाई बेटावरच्या मौना लोआसारखी वेधशाळा गल्ल्यातली एकूण रक्कम पैशापर्यंत अचूक सांगते, मात्र ती कोणत्या गिऱ्हाइकाकडून आली हे तिला सांगता येत नाही. जमिनीवरच्या यंत्राची अडचण उलटी. रात्री जंगल श्वास सोडते आणि तो कार्बन झाडोऱ्यातच साचून राहतो. दुपारी ऊन तापले की हवा घुसळून तोच वर निघून जातो. खाली ठेवलेले यंत्र शेजारच्या झाडाची खबर देते, शेकडो किलोमीटरच्या प्रदेशाची नाही. तेवढ्या प्रदेशाचा हिशेब जमिनीपासून चार-पाच किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेत पसरलेला असतो. तिथे विमानच न्यावे लागते. (कार्बन ओकत कार्बन मोजायचा, हा विनोद करून झाला असेल तर पुढे जाऊ.)

पुढे जाऊ ते थेट लुसियाना गाट्टी यांच्याकडे. ब्राझीलच्या ‘इन्पे’ या अवकाश संशोधन संस्थेतल्या या रसायनशास्त्रज्ञ. बेलेम ज्या पारा राज्याची राजधानी आहे, त्याच राज्यातल्या सांतारेमच्या आकाशात त्यांचे काम २००० साली सुरू झाले. २०१०पासून चार ठिकाणे झाली: ईशान्येला सांतारेम, आग्नेयेला आल्ता फ्लोरेस्टा, नैर्ऋत्येला रिओ ब्रांको आणि वायव्येला ताबातिंगा. या शेवटच्या ठिकाणाऐवजी पुढे तेफे घेतले. प्रयोगशाळेच्या थाटाचे विमान वगैरे काही नाही. साधे छोटे विमान, स्थानिक वैमानिक आणि सुटकेसएवढ्या पेटीत बारा किंवा सतरा काचेच्या कुप्या. वैमानिक साडेचार किलोमीटरच्या आसपास चढतो आणि गोल गोल घिरट्या घालत तीनशे मीटरपर्यंत उतरतो. ठरलेल्या प्रत्येक उंचीवर एक कुपी भरते. वेळ भर दुपारची, कारण तेव्हाच हवा नीट मिसळलेली असते. पेटी प्रयोगशाळेत जाते, रिकामी होऊन पुन्हा विमानतळावर येते. साधारण दर पंधरवड्याला हेच, वर्षानुवर्षे.

एवढ्याशा कुपीतून जंगलाचा हिशेब निघतो तो वाऱ्यामुळे. ॲमेझॉनवरचा वारा अटलांटिकवरून येतो. समुद्रावरून येणाऱ्या हवेत किती कार्बन आहे ते बार्बाडोस आणि असेन्शन बेटावरची केंद्रे सांगतात. तीच हवा काही दिवस जंगलावरून सरकत कुपीपर्यंत पोचते. दोन आकड्यांची वजाबाकी करायची आणि प्रवासाच्या वेळेने भागायचे, की वाटेतल्या जमिनीने दिले किती आणि घेतले किती ते कळते. पण हवा बार्बाडोसच्या बाजूने आली की असेन्शनच्या? इथली युक्ती मला फार आवडते. सुरुवातीच्या वर्षांत त्यासाठी सल्फर हेक्साफ्लोराइड वापरला गेला. विजेच्या स्विचगिअरमधून गळणारा हा वायू उत्तर गोलार्धात थोडा जास्त असतो, कारण कारखानदारी तिथेच जास्त. त्याच्या बारीकशा फरकावरून हवेचे मूळ गाव ओळखायचे. आणि आलेल्या कार्बनमध्ये आगीचा वाटा किती? त्यासाठी त्याच कुपीतला कार्बन मोनॉक्साइड मोजायचा.

अशा ५९० उड्डाणांचा हिशेब २०२१ साली ‘नेचर’मध्ये आला. २०१० ते २०१८ या काळात आगींनी वर्षाला सरासरी ४१ कोटी टन कार्बन हवेत सोडला आणि बाकीच्या जंगलाने त्यातला जेमतेम १२ कोटी टन परत उचलला. जगाचे फुप्फुस म्हणून ज्याची चित्रे शाळेच्या भिंतींवर रंगवतात, ते निव्वळ देणेकरी निघाले. सर्वात वाईट दशा आग्नेय भागाची. तिथे जंगलतोड जास्त, कोरड्या महिन्यांतला पाऊस घटलेला, तापमान वाढलेले. आगीचा धूर वजा केला तरी तिथले जंगल कार्बन सोडतेच आहे. दोन वर्षांनी गाट्टींनी पुढचा हिशेब मांडला. आधीच्या नऊ वर्षांच्या सरासरीच्या तुलनेत उत्सर्जन २०१९ साली ८९ टक्क्यांनी आणि २०२० साली १२२ टक्क्यांनी जास्त. त्यांनी कारणही आडपडदा न ठेवता लिहिले: जंगल कायद्यांची ढिली पडलेली अंमलबजावणी.

हे लिहायला त्या देशात किती बळ लागत असेल याची कल्पना एका घटनेवरून यावी. ‘इन्पे’चेच उपग्रह जंगलतोड वाढल्याचे सांगू लागले तेव्हा राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी ते आकडे खोटे म्हटले. संचालक रिकार्दो गाल्व्हाओ यांनी जाहीर उत्तर दिले. ऑगस्ट २०१९मध्ये त्यांचे पद गेले. बेलेममध्ये यजमान म्हणून मिरवले ते सरकार वेगळे होते, पण आकडे नको असलेली सरकारे जगात कमी नाहीत.

वॉशिंग्टनचेच पाहा. २०२६च्या अंदाजपत्रकात ‘नोआ’ या सरकारी संस्थेच्या हवामान प्रयोगशाळांचा पैसा थांबवण्याचा प्रस्ताव होता. मौना लोआची मोजणी त्यातच येते. ‘नासा’ची अवकाशातून कार्बन मोजणारी ओसीओ-२ आणि ओसीओ-३ ही साधने बंद करण्याचाही होता. उपग्रह असताना विमाने कशाला, असे म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवे. शिवाय उपग्रह वरून खालपर्यंतच्या हवेची एकत्रित सरासरी घेतो. ढग आले की आंधळा होतो, आणि तो खरे बोलतो की नाही हे तपासायला शेवटी विमानातल्या मोजणीचाच आधार घ्यावा लागतो. मार्च २०२४मध्ये गाजावाजा करून सोडलेल्या मिथेनसॅट या उपग्रहाचा संपर्क जून २०२५मध्ये तुटला. दुरुस्तीला वर कुणी जाऊ शकत नाही. विमान निदान हँगरमध्ये तरी येते.

मोठ्या विमानांच्या मोहिमांबद्दल थोडक्यात. हार्वर्डचे स्टीव्हन वॉफ्सी आणि सहकाऱ्यांनी २००९ ते २०११ या काळात पॅसिफिकवरून जवळजवळ ध्रुवापासून ध्रुवापर्यंत वर-खाली गोते खात हवा मोजली. २०१६ ते २०१८मध्ये ‘नासा’च्या जुन्या डीसी-८ने तेच अटलांटिकसह केले. अशा उड्डाणांच्या जोरावर २०२१ साली दाखवून देता आले की अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिण महासागर वर्षाला ५० कोटी टनांहून जास्त कार्बन पोटात घेतो. पाण्यावर तरंगणाऱ्या यंत्रांनी त्याबद्दल शंका निर्माण केली होती, ती विमानाने बरीचशी मिटवली. ते डीसी-८ २०२४ साली निवृत्त झाले.

मिथेनच्या बाबतीत विमान सरळ पोलिसाचेच काम करते. ऑक्टोबर २०१५मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या आलिसो कॅन्यनमधली वायुसाठ्याची विहीर फुटली. वायू अदृश्य, लोकांना फक्त वास येत होता. डोकी दुखत होती. कॅलिफोर्नियातले वैज्ञानिक-वैमानिक स्टीफन कॉनली आपले एक इंजिनाचे विमान घेऊन नोव्हेंबरमध्ये त्या झोतातून गेले. विमानातल्या यंत्रात आरशांच्या पोकळीत लेझरचा किरण इतक्यांदा मागे-पुढे फिरतो की चिमूटभर हवेतून त्याचा प्रवास कित्येक किलोमीटरचा होतो आणि वाटेत मिथेनने किती प्रकाश गिळला ते कळते. वाऱ्याच्या खालच्या अंगाला वेगवेगळ्या उंचीवर आडवे फेरे मारायचे, वाऱ्याचा वेग मोजायचा, गुणाकार करायचा. ११२ दिवसांत ९७,१०० टन मिथेन गेला, हा आकडा या फेऱ्यांतून आला. तो नसता तर गळती कितीची यावर वकील वर्षानुवर्षे भांडत बसले असते. अमेरिकेच्या तेल-वायू उद्योगाची एकूण गळती सरकारी चोपडीपेक्षा साधारण ६० टक्के जास्त आहे, हे २०१८ साली ‘सायन्स’मध्ये आले. त्यामागेही जमिनीवरच्या मोजण्यांना विमानांची जोड होती.

आता आपल्याकडे. भारताच्या डोक्यावरची हवा विमानातून मोजली गेली आहे, आणि छान मोजली गेली आहे. फक्त तिच्यातली बरीचशी दुसऱ्यांनी मोजली. जपान एअरलाइन्सच्या प्रवासी विमानांत २००५पासून जपानी शास्त्रज्ञांनी कार्बन मोजणारी पेटी बसवली. ती हवा घेते वातानुकूलनाच्या नळीतून. प्रवाशांना पत्ताही नसतो. यातली विमाने दिल्लीला उतरत. उतरताना आणि चढताना दर वेळी हवेचा उभा छेद फुकटात मिळत होता. दिल्ली म्हणजे गाड्या, वीटभट्ट्या, धूर. खाली कार्बन जास्त असायलाच हवा. पण जानेवारी ते मार्चच्या दुपारी खालच्या थरातला कार्बन कधी कधी वरच्यापेक्षाही कमी भरला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे श्रेय रब्बीला दिले आहे. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशातला गहू वाढीच्या भरात राजधानीच्या धुरावर मात करत होता. कार्बनच्या जागतिक गणितात जंगलांना जेवढे मानाचे पान मिळते, त्याचे चतकोरही शेताला मिळत नाही. त्या गणिताला दिल्लीच्या विमानतळाने हा धक्का दिला.

दुसरे उदाहरण जर्मनांचे. लुफ्तान्साच्या एका एअरबसच्या मालकप्प्यात यंत्रांनी भरलेला दीड टनाचा कंटेनर ठेवून २००८ साली फ्रँकफर्ट ते चेन्नई अशा फेऱ्या झाल्या. मोसमी पावसाच्या महिन्यांत दहा-अकरा किलोमीटर उंचीवर मिथेन वाढलेला सापडला: खालची भातशेती, पाणथळ जागा, गुरे, आणि तो वर खेचून नेणारे मान्सूनचे ढग. पावसाळ्यात उपग्रहाला आपला देश नीट दिसत नाही, तेव्हाच हे मोजलेले आहे हे लक्षात घ्या. अशा विमानांच्या, उपग्रहाच्या आणि जमिनीवरच्या केंद्रांच्या आकड्यांवरून ब्रिस्टलच्या अनिता गणेशन यांच्या गटाने २०१७ साली भारताचे मिथेन उत्सर्जन वर्षाला सुमारे २ कोटी २० लाख टन काढले. ते आपल्या सरकारने कळवलेल्या आकड्याशी जुळले, आणि २०१० ते २०१५ या काळात फारशी वाढही दिसली नाही. अमेरिकेची चोपडी चुकली, आपली बरोबर आली. वाटाघाटीच्या टेबलावर याहून चांगले पान कोणते? ते आपल्याला दुसऱ्यांच्या मोजणीतून मिळाले, एवढेच खटकते.

असे नाही की आपल्याकडे कुणी काही केले नाही. गोव्यात काबो द रामच्या कड्यावर १९९३पासून बाटल्यांत हवा भरून ऑस्ट्रेलियाच्या प्रयोगशाळेत तपासली जात होती. पावसाळ्यात दक्षिण गोलार्धातून येणारी स्वच्छ सागरी हवा आणि हिवाळ्यात भूभागावरून येणारी हवा यांतला फरक त्या बाटल्यांनी दाखवला. २००२च्या सुमारास त्या नोंदींत खंड पडला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, २००९मध्ये सिंहगडावर अशी मोजणी सुरू केली. रविवारी पिठलं-भाकरीला गडावर चढणाऱ्यांपैकी कितीजणांना ते ठाऊक असेल? त्याच संस्थेच्या ‘कायपीक्स’ या विमानमोहिमाही २००९पासूनच्या. सोलापूरकरांना ते विमान आठवत असेल. २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात ते तिथल्या ढगांत बीजारोपण करत होते. पण त्या मोहिमांचा जीव ढगात आणि धूलिकणांत. दर पंधरवड्याला, त्याच जागी, त्याच उंचीवर, वर्षानुवर्षे असा गाट्टींसारखा कंटाळवाणा शिरस्ता वेगळा असतो. मोहिमेला बातमी मिळते, उद्घाटन मिळते. शिरस्त्याला मिळतो फक्त दरसालचा खर्चाचा प्रश्न. वैज्ञानिक किंमत मात्र शिरस्त्याचीच जास्त.

आपल्याला नवे संशोधन विमानही घ्यायला नको. २०२३ या एका वर्षात एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. यातल्या पाच-सहा विमानांत जपान्यांसारखी पेटी बसवली तर दिल्ली, मुंबई, नागपूर, कोलकाता, गुवाहाटी या शहरांवरचे छेद रोज मिळतील, पावसाळ्यातसुद्धा. विमानात कोणतीही वस्तू बसवायची तर सुरक्षेच्या प्रमाणपत्रांची रांग असते आणि ती असायलाच हवी. पण ती रांग जपान आणि जर्मनीने कधीच पार केली आहे. बेलेमला गेलेल्या आपल्या शिष्टमंडळाने हे मनावर घेतले, तर एक अट पहिल्याच दिवशी कागदावर यावी: आकडे सगळ्यांना खुले. गाट्टींच्या कुप्यांचे आकडे आज कुणालाही उतरवून घेता येतात. आपल्या गव्हाने दिल्लीच्या हवेत काय केले त्याचे आकडेही मिळतात, जपानमधल्या त्सुकुबाच्या पर्यावरण संस्थेकडून.