शिडाच्या नौकेची पारख

ज्या गावाचे नाव २०२३ साली मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे उभ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले आणि ज्याच्या शिवारापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, त्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीत बसून शिडाच्या नौकेच्या खरेदीवर लेख लिहावा, हे कित्येकांस विनोदाचे वाटेल. परंतु भारतीय नाविकाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास ज्यांनी वर्षानुवर्षे धरला व अखेर नौदलाकडून ‘सागर परिक्रमा’ या नावाने तडीस नेला, ते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत, म्हणजे आमच्याइतक्याच कोरड्या मुलखात राहत होते. तेव्हा समुद्राचा विचार समुद्रकाठच्यांनीच करावा, असा काही दंडक नाही.

नौका घेऊ पाहणाऱ्याच्या मनात बहुधा दोन प्रश्न असतात, ती धावते कशी आणि तीत राहणे सुखाचे आहे काय. आणि हे दोन गुण परस्परांचे वैरी आहेत, एकाचा लाभ दुसऱ्याच्या हानीवाचून होत नाही, असे तो गृहीत धरून चालतो. हे गृहीत लांबच्या प्रवासापुरते तरी खोटे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जी नौका आपल्या माणसास झोपू देत नाही, अन्न शिजवू देत नाही, सुकाणूशी अहोरात्र झगडावयास लावते, ती पहिल्या दिवशी कितीही वेगवान भासली तरी विसाव्या दिवशी मंदच ठरते. कारण शिणलेला माणूस शिडे वेळेवर बदलीत नाही.

याचा अव्वल पुरावा मुंबईतच बांधला गेला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या व्यापारी जहाजावरील तरुण अधिकाऱ्याने १९६० नंतरच्या काळात मुंबईस सागवानाची ‘सुहेली’ बांधून घेतली. लांबी अवघी बत्तीस फूट, घाट जुन्या वळणाचा, अंग जड. १९६८ साली एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण उतरले, त्यांत सुहेलीहून कितीतरी वेगवान नौका होत्या. परंतु शर्यत पुरी केली ती एकट्या सुहेलीने, ३१२ दिवसांत, म्हणजे सरासरी ताशी सुमारे चार सागरी मैलांनी. हा वेग ऐकून आजचा खरेदीदार नाक मुरडील. पण त्यानेच हेही ध्यानात घ्यावे की, याच नौकेच्या पठाणाजवळच्या, म्हणजे तळाच्या कण्याजवळच्या, सांध्यातून वाटेत पाणी येऊ लागले आणि तिच्या धन्यास भर समुद्रात पाण्याखाली उतरून तांब्याची पट्टी ठोकून ते बुजवावे लागले. घाट उत्तम असला म्हणून प्रत्येक सांधा उत्तम असतोच असे नाही, आणि खरेदीदाराने परीक्षा करावयाची ती दोहोंची.

घाटाची परीक्षा कागदावरच पुष्कळशी होते. पाण्यास टेकलेल्या लांबीचे, म्हणजे जलरेषेचे, फुटांतील वर्गमूळ काढून त्यास १.३४ ने गुणिले की जड नौकेच्या वेगाची स्वाभाविक मर्यादा नॉटमध्ये मिळते. सुहेलीची जलरेषा सुमारे अठ्ठावीस फूट, म्हणून तिची मर्यादा सातच्या आसपास. याहून अधिक वेग हवा असेल तर नौकेस स्वतःच उठविलेल्या लाटेवर चढून जावे लागते, आणि ते हलक्या अंगाच्या नौकेसच साधते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात एकूण लांबी ठळक अक्षरांत छापलेली असते; हुशार माणूस जलरेषेची लांबी विचारतो.

सुखाचे गणित अधिक रंजक आहे. अमेरिकेतील आरेखक टेड ब्रूअर यांनी, त्यांच्याच कबुलीप्रमाणे अर्धे थट्टेने, एक गुणोत्तर बसविले. जलरेषेच्या लांबीचा ०.७ पट भाग व एकूण लांबीचा ०.३ पट भाग यांची बेरीज घ्यावी, तीस ०.६५ ने आणि रुंदीच्या १.३३ व्या घाताने गुणावे, आणि या गुणाकाराने नौकेचे पौंडांतील वजन भागावे. उत्तर विसाच्या खाली आले तर ती नौका लाटेवर बुचासारखी उसळणार. तिसाच्या पुढे गेले तर तिची हालचाल संथ राहणार. सूत्राचा मतलब असा की, वजन वाढले तर सुख वाढते, रुंदी वाढली तर सुख घटते. नवख्यास हे उलटे वाटते, कारण रुंद नौका धक्क्यास बांधलेली असता मोठी स्थिर भासते. परंतु तीच स्थिरता तिला प्रत्येक लाटेच्या उतारासरशी झटक्याने कलविते आणि झटक्याने सरळ करते, आणि माणसाचे पोट ढवळते ते झोक्याच्या मोठेपणाने नव्हे, त्या झटक्याने.

उदाहरणार्थ, कमांडर अभिलाष टॉमी यांनी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ज्या ‘बयानात’ नौकेतून २३६ दिवसांत दुसरा क्रमांक मिळविला, ती रस्टलर ३६ या घाटाची होती. सुमारे १६,८०० पौंड वजन, अकरा फूट रुंदी, सत्तावीस फुटांस किंचित कमी जलरेषा, हा तपशील सूत्रात घातला की सुखांक छत्तिसाच्या जवळपास येतो. उलथण्याच्या धोक्याचेही एक सूत्र आहे. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने पंधरा स्पर्धक बळी घेतले, त्यानंतर अमेरिकेत झालेल्या अभ्यासातून ते निघाले: रुंदीस वजनाच्या (पौंडांस चौसष्टाने भागून येणाऱ्या) घनमुळाने भागावे, आणि भागाकार दोनाच्या आत असावा. रस्टलरचा १.७ येतो.

तथापि अशा अंकांवर अंधविश्वास ठेवणारा खरेदीदार मला अंक न पाहणाऱ्याहूनही भाबडा वाटतो. निरमाचे, म्हणजे तोल राखणाऱ्या भाराचे, शिसे पठाणात खोल बसविले आहे की, कल्पनेपुरते म्हणा, डोलकाठीच्या शेंड्यास टांगले आहे, याचा या दोन्ही सूत्रांस पत्ताच नसतो. उत्तर तेच येते. म्हणून नौका किती अंशांपर्यंत कलली तरी आपणहून सरळ होते, हे दाखविणारा स्थैर्याचा आलेख विक्रेत्याकडे आवर्जून मागावा. आणि तो आलेखही अंतिम हमी नव्हे. सुहेलीच्याच घाटावर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’तून टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीस निघाले, तेव्हा त्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने ती नौका उलथविली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीस गंभीर दुखापत झाली आणि त्यांची सुटका एका फ्रेंच जहाजास करावी लागली. त्याच्या पन्नास वर्षांपूर्वी जो घाट तरला, तोच येथे हतबल झाला. फुटत्या लाटेपुढे गणिताची मात्रा चालत नाही.

नौकेचा घाट व आकार यांचा हा विचार आपल्याकडे नवा नाही. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण लिहिताना गुराबा फार थोरही नकोत व फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात, आणि वाऱ्यावाचून जी हलणार नाहीत अशी अवजड जहाजे करू नयेत, असा निर्वाळा दिला आहे. लढाऊ गलबताचा हा दंडक आजच्या प्रवासी नौकेसही लागू पडावा, याचे मला मोठे कौतुक वाटते. आकाराचा लोभ हाच खरेदीदाराचा पहिला शत्रू आहे, कारण लांबी दीडपट झाली की शिडे, दोर, नांगर आणि धक्क्याचे भाडे यांचा खर्च त्याहून कितीतरी अधिक पटीने चढतो.

कागद झाला की नौकेत पाऊल टाकावे. प्रदर्शनात डोळे दिपविणारा प्रशस्त दिवाणखाना समुद्रावर धोक्याचा असतो, कारण कलत्या नौकेत तोल गेलेल्या माणसाच्या हाताशी धरावयास काही नसले तर तो पलीकडच्या कडेवर जाऊन आदळतो. अरुंद वाट, दर हातभर अंतरावर मूठ, नौकेच्या मध्याजवळ, जेथे हेलकावा सर्वांत कमी तेथे, स्वयंपाकाची जागा आणि कडेस कापडी आडोसा बांधता येईल अशी निदान एक अरुंद शय्या, हे खरे वैभव. इंजिनाशी हात पोहोचतो की अर्धे लाकूडकाम उखडावे लागते, हेही पाहावे. मग रबरी हातोडीने अंगावर ठोकीत जावे; स्वच्छ टणत्काराच्या जागी बद्द आवाज आला तर आतील थर सुटले आहेत असे समजावे. डोलकाठीचे तारदोर ज्या पट्ट्यांस बांधले आहेत त्यांच्या मुळाशी गंज, पठाणाच्या बोल्टांभोवती तपकिरी ओघळ, फायबरग्लासवर बारीक फोड, या खुणा रंगाच्या ताज्या हाताखाली दडविता येतात; म्हणूनच स्वतंत्र सर्वेक्षक नेमावा, आणि तो विक्रेत्याने सुचविलेला नसावा.

नवी नौका बांधून घेणारा भाग्यवान असतो, कारण त्यास हे सारे उघडे पाहता येते. कमांडर दिलीप दोंदे यांची ‘म्हादई’ गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात डच घाटावरून बांधली गेली, आणि दोंदे त्या बांधणीत जातीने लक्ष घालून होते. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलाच्या हवाली झाली, ऑगस्टमध्ये ते मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये चार बंदरांचे थांबे घेऊन एकट्याने प्रदक्षिणा पुरी करणारे पहिले भारतीय म्हणून परतले. छपन्न फुटी, तेवीस टनांच्या आसपासची ती नौका एकट्या माणसास मोठीच; तरी तिच्या प्रत्येक दोराचे व नळाचे ठिकाण त्यांना पाठ होते, हे वाचकाने विसरू नये.

बैलबाजारात दात, खूर, वशिंड पाहून झाले तरी जाणता शेतकरी जनावर औतास जुंपून दोन तास मारून पाहिल्याखेरीज इसार देत नाही, नौकेचेही तसेच. मुंबईस हिवाळी मोसमात दुपारनंतर वायव्येचा वारा धरतो, तेव्हा प्राँग्ज दीपगृहाच्या बाहेर तिला न्यावे. वाऱ्याच्या तोंडी चालत असता सुकाणू क्षणभर सोडावे. ती हलकेच वाऱ्याकडे वळली तर बरे, हिसका देऊन वळली तर घाट किंवा शिडे यांत दोष आहे. दिशा बदलताना ती अडखळते काय, शीड आखडल्यावर हालचाल शांत होते काय, शिडे उलटसुलट ताणून तिला जागच्या जागी स्वस्थ उभी करता येते काय, हे क्रमाने पाहावे. नंतर खाली जाऊन चहा करावा. चहा करता आला नाही तर बाकीचे गुण कितीही असोत, किंमत पाडून मागण्यास हा मुद्दा पुरेसा आहे.

शेवटी दस्तऐवज. नोंदणी कोणाच्या नावे आहे, कर्जाचा बोजा आहे काय, परदेशातून आणलेली असल्यास जकात भरल्याच्या पावत्या आहेत काय, याची खातरजमा सर्वेक्षणाइतकीच निष्ठुरपणे करावी. आणि तारदोरांस दहा-पंधरा वर्षे झाली असतील, तर ते बदलण्याचा खर्च सौद्यातून वजा करूनच आकडा सांगावा. विक्रेता रुष्ट झाला तर होऊ द्यावा.