पळसावरचा कोतवाल, प्रत ७/२०

चित्राखाली डाव्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने ७/२० असं लिहिलेलं असतं. म्हणजे या चित्राच्या एकूण वीस प्रती काढल्या आणि आपल्या हातातली सातवी. मर्यादित आवृत्तीच्या छापचित्राची किंमत बरीचशी या आकड्यांवर ठरते. गिऱ्हाईक वरच्या साताकडे बघतं, पण तपासून घ्यावा तो खालचा वीस. एकविसावी प्रत का निघाली नाही? छपाईच्या एका पद्धतीत ती निघूच शकत नाही. दुसऱ्या एका पद्धतीत चित्रकाराच्या शब्दाखेरीज तिला अडवणारं काहीच नसतं. दोन्हींच्या खाली आकडा मात्र सारखाच दिसतो.

हे नीट कळायला एक चित्र मुळापासून छापून बघू. विषय कुरखेड्याचाच घेऊ. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातलं, सती नदीच्या काठचं हे तालुक्याचं गाव. फाल्गुनात इथे धान केव्हाच निघालेलं असतं, बांध्या रिकाम्या पडलेल्या असतात आणि धुऱ्यांवरचे, जंगलकडेचे पळस पेटलेले असतात. फुलायच्या वेळी पळसाची बहुतेक पानं झडून गेलेली असतात, म्हणजे हिरवा रंग जवळपास नाहीच. वाकडी काळपट फांदी, तिच्यावर मखमली काळसर पेले आणि त्यांतून बाहेर आलेल्या केशरी, बाकदार पाकळ्या. या फुलांवर मैना येतात, भोरड्या येतात, शिंजीर येतात आणि मधासाठी कोतवालही येतो. आपल्याला कोतवाल हवा, कारण तो काळा आहे. काळा का हवा, ते पुढे येईल.

पद्धत घेऊ लिनोकटची. लिनो म्हणजे जवसाचं तेल, लाकडाचा किंवा बुचाचा भुसा आणि राळ एकत्र करून तागाच्या कापडावर थापलेला जाड पत्रा. पूर्वी तो जमिनीवर अंथरायला बनवत. व्ही आणि यू आकाराच्या छोट्या कोरण्यांनी तो कोरला जातो. थंडीत तो कडक होतो, म्हणून कोरण्याआधी थोडा वेळ उन्हात ठेवतात. कुरखेड्यात मार्चनंतर ही सोय फुकट आहे. कोरलेला खोलगट भाग शाई घेत नाही, उंच राहिलेला घेतो, आणि छाप उलटा उमटतो. कोतवाल उजवीकडे बघायला हवा असेल, तर लिनोवर तो डावीकडे बघणारा काढावा लागतो. रेखाटन ट्रेसिंग कागदावर करून कागद पालथा घातला की काम भागतं.

आता रंग. प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा कोरता येतो. पण एकच ठोकळा टप्प्याटप्प्याने कोरत जाऊन सगळे रंग छापायची एक युक्ती आहे. इंग्रजीत तिला रिडक्शन म्हणतात. आपण तिला घटत्या ठोकळ्याची पद्धत म्हणू. नियम एकच, फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे जायचं.

सगळ्यात आधी चित्रात जे पांढरं राहायचं आहे ते कोरून काढायचं. मागचं आकाश आणि पाकळ्यांच्या पाठीवरची रेशमी चमक तर आहेच, शिवाय एक जागा बहुतेक जण विसरतात. कोतवालाच्या चोचीच्या मुळाशी, तोंडाच्या कोपऱ्यात, एक बारीक पांढरा ठिपका असतो. सगळा पक्षी काळा असतो, म्हणून हा ठिपका आणि दुभंगलेली शेपटी याच त्याच्या मोठ्या खुणा. ठिपका काळा छापताना नाही, आत्ताच, चित्रात अजून पक्षीही दिसत नसताना कोरावा लागतो. तो राहिला तर पुढे चारही रंग त्याच्यावर बसणार.

मग ठोकळ्याला पिवळा रंग लावून सगळ्या कागदांवर छापायचा. सगळ्या म्हणजे वीस नव्हे. वाटेत काही कागद बिघडणार हे धरून सत्तावीस-अठ्ठावीस तरी घ्यावेत, कारण उद्या हा पिवळा पुन्हा छापता येणार नाही. पिवळा वाळला की जे पिवळं राहायचं आहे ते कोरून टाकायचं आणि उरलेल्यावर केशरी छापायचा. मग केशरी राहणारा भाग कोरायचा आणि गडद लाल छापायचा. चौथ्यांदा लाल राहणारा भाग कोरताना पाकळ्यांच्या सावल्यांबरोबर कोतवालाचा डोळाही कोरायचा, कारण त्याचा डोळा गडद लाल असतो. चित्र वीतभर असेल तर हा डोळा तिळाएवढा येतो आणि तिथे कोरणी घसरली की सगळी आवृत्ती आंधळी होते. आता ठोकळ्यावर फांदी, पेले आणि पक्षी एवढंच उरलं. त्याला काळी शाई लावायची. काळ्याखाली लाल, केशरी, पिवळा असे तीन थर असल्यामुळे काळा तपकिरीकडे झुकतो. कोतवालाच्या पिसांची चमक तर निळसर असते, म्हणून काळ्या शाईत किंचित निळी मिसळतात. पक्षी काळा हवा होता तो यासाठीच: त्याचा रंग अगदी शेवटी येतो आणि खालचं सगळं झाकून टाकतो.

दरवेळी कागद त्याच जागी बसायला हवा. त्यासाठी पाटावर काटकोनाच्या खुणा करतात किंवा खिळपट्टी वापरतात. अर्धा मिलिमीटर सरकलं तरी चोचीला केशरी कड दिसते, आणि बिघडणारे कागद इथेच गळतात. प्रेस असेल तर उत्तम, पण नसेल तरी लाकडी किंवा स्टीलच्या चमच्याच्या पाठीने कागद घोटून चांगला छाप येतो. कुरखेड्यासारख्या गावात घरी बसून हे काम जमतं ते त्यामुळेच. हवा मात्र आपलं बोलतेच. एप्रिलच्या उन्हात शाई काचेवरच घट्ट होऊन रूळ ओढू लागते, आणि पावसाळ्यात तेलाची शाई वाळता वाळत नाही.

चारही रंग होईस्तोवर ठोकळ्याची पिवळा, केशरी आणि लाल छापणारी रूपं जगातून गेलेली असतात. हाती उरतं फक्त काळ्याचं. म्हणजे वीस ही मर्यादा कोणी कृपेने घातलेली नाही, ती कोरणीने घातली आहे. वेगवेगळे ठोकळे वापरले असतील, तर आवृत्ती पुरी झाल्यावर त्यांच्यावर आडवीतिडवी रेघ कोरून ते बाद करायची रीत आहे. काही चित्रकार त्या रेघेसकट एक छाप काढून पुरावा म्हणून ठेवतात. सजग गिऱ्हाइकाने त्याबद्दल विचारावं, त्यात संकोच कसला?

वाळलेल्या प्रती निवडून झाल्या की लिखाण. डावीकडे क्रमांक, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही. सगळं शिसपेन्सिलीने, कारण तिचा कार्बन उडत नाही. क्रमांकाशिवाय काही प्रतींवर ए. पी. असतं. त्या चित्रकाराने स्वतःकडे ठेवलेल्या प्रती, साधारण आवृत्तीच्या दहाव्या भागाएवढ्या. त्या पन्नास निघाल्या तर समजून जावं. पहिल्या क्रमांकाची प्रत सर्वांत चांगली, हा समज जुन्या धातूच्या ठशांपुरता खरा होता. तांब्यावर नुसत्या सुईने ओरखडून काढलेल्या चित्रात रेघेच्या कडेला उठलेला कंगोरा दाबाने झिजतो, आणि थोड्याच प्रतींत रेघ फिकी पडते. लिनोत वीस प्रतींत असा फरक पडत नाही, आणि क्रमांकही बहुधा छपाईच्या क्रमाने घातलेले नसतात.

कागदाचं थोडक्यात. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कागद गिरणीला गेला, पण तिथला लिहायचा-छापायचा कागद हे या कामाचं माध्यम नव्हे. इथे सुती चिंध्यांचा किंवा कापसाचा, आम्ल नसलेला कागद लागतो. पुण्यातल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी तो मिळतो. वर्तमानपत्राचा कागद लिग्निनमुळे पिवळा पडतो तसा हा पडत नाही.

प्रत्येक पक्षी या पद्धतीला मानवतो असं नाही. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल घ्या. राखी डोकं, पिवळसर हिरवी छाती, खांद्यावर जांभळट डाग, पिवळे पाय, आणि बसणार उंबराच्या हिरव्या पानांत. जांभळ्यावर हिरवा छापला की चिखल होतो. त्याला रंगागणिक वेगळा ठोकळा हवा, नाहीतर स्क्रीन प्रिंट. आपलं राज्यपुष्प असलेला तामण त्याच अडचणीत सापडतो: फूल जांभळं, पानं हिरवी.

मर्यादा नको असेल तर शिळाछापाकडे बघावं. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे एका चित्राला रंगागणिक एक असे अनेक चुनखडीचे दगड लागत, आणि दगड पुष्कळ प्रती देतो. लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचाव्यात हाच तर हेतू होता. आज त्याच जुन्या प्रतींना भाव येतो, कारण उरल्या थोड्या. ती मर्यादा वाळवीने आणि ओलीने घातली, छापणाऱ्याने नाही.

राहिला आजचा डिजिटल छाप. जलरंगातलं मूळ चित्र स्कॅन करून सुती कागदावर रंगद्रव्याच्या शाईने छापतात. चांगला छापला तर देखणा असतो, टिकतोही, आणि मूळ चित्र ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी ही सोय मला मनापासून पटते. पण फाइल झिजत नाही. ‘५० प्रती’ लिहून झाल्यावर एक्कावन्नावी काढायला एक कळ पुरते. शिवाय एक पळवाट आहे. ए-३ आकारात ५० प्रती संपल्या की तेच चित्र ए-२ मध्ये ‘नवी आवृत्ती’ म्हणून पुन्हा येतं. म्हणून पैसे मोजण्याआधी विचारावं: सगळे आकार मिळून किती? कापडावर, कॅलेंडरवर, कपावर हेच चित्र येणार का? ए. पी. किती? ही उत्तरं बिलावर किंवा चित्रासोबतच्या प्रमाणपत्रावर सहीनिशी लिहून घ्यावीत. ती द्यायला जो कचरतो, त्याच्याकडचं चित्र आवडलं तर जरूर घ्यावं, पण पोस्टरच्या भावात.