फवारणी ड्रोनचा वेगनियंत्रक : संरक्षण मोटारीचे की उड्डाणाचे?

केंद्र शासनाचे ड्रोन नियम २०२१ मध्ये लागू झाले आणि त्यानंतर ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून महिला स्वयंसहायता गटांपर्यंत फवारणी ड्रोन पोहोचू लागले. चालकाचे लक्ष प्रामुख्याने टाकी, नोझल व बॅटरी यांकडे असते. प्रत्येक मोटारीस जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलरकडे, म्हणजेच ईएससी या वेगनियंत्रकाकडे, मात्र बिघाड झाल्यावरच लक्ष जाते. त्यातील संरक्षण सुविधा कशा चालतात, हे जाणून घेणे सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे.

मूळ रचना छंदाच्या विमानांसाठी

वेगनियंत्रक बॅटरीतील एकदिश विद्युतप्रवाहाचे तीन फेजमध्ये रूपांतर करून ब्रशविरहित मोटार फिरवतो व मिळालेल्या संकेतानुसार वेग कमी-जास्त करतो. हे तंत्र प्रथम छंद म्हणून उडवल्या जाणाऱ्या छोट्या विमानांमध्ये रुळले. अशा विमानाची मोटार बंद पडली तरी ते पंखांच्या आधारे तरंगत खाली उतरू शकते. म्हणून धोका जाणवताच मोटार थांबवणे, हे तेथे योग्य संरक्षण ठरले. बहुपंखी ड्रोनला असा आधार नसतो. चार मोटारींच्या ड्रोनमधील एक मोटार थांबली तरी त्याचा तोल जातो. सहा मोटारींचा ड्रोन एक मोटार बंद पडल्यास कदाचित सावरू शकतो. परंतु टाकी भरलेली असल्यास ती शक्यताही घटते.

प्रमुख संरक्षण सुविधा

*सुरक्षित प्रारंभ :* बॅटरी जोडताना थ्रॉटल सर्वांत खालच्या स्थितीत नसेल, तर मोटार सुरू होत नाही. हाताजवळ असलेले पंखे अचानक फिरण्याचा धोका यामुळे कमी होतो.

*प्रारंभ अडथळा संरक्षण :* पंख्यात दोरी किंवा काडी अडकल्याने मोटार ठरावीक वेळेत फिरू शकली नाही, तर नियंत्रक तिचा पुरवठा तोडतो. अन्यथा मोटारीची वेटोळी व नियंत्रकातील ट्रान्झिस्टर जळू शकतात.

*अतिउष्णता संरक्षण :* तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे, अनेक उत्पादनांत सुमारे ११० अंश सेल्सिअसपलीकडे, गेल्यास नियंत्रक शक्ती कमी करतो. भर उन्हात, भरलेल्या टाकीसह सलग फेऱ्या केल्यास ही वेळ येऊ शकते.

*संकेत खंडित झाल्यास :* छंदाच्या विमानात रेडिओ संपर्क तुटताच नियंत्रक शक्ती कमी करून मोटार थांबवतो. फवारणी ड्रोनमध्ये नियंत्रकास संकेत उड्डाण-संगणकाकडून मिळतो. रिमोटचा संपर्क तुटल्यास परत येण्याचा किंवा उतरण्याचा निर्णय हा संगणक घेतो. नियंत्रकापर्यंतची संकेत-तार सैल झाली, तर मात्र ती मोटार थेट बंद पडते.

*अल्प व्होल्टेज संरक्षण :* लिथियम पॉलिमर बॅटरीच्या एका सेलचे व्होल्टेज पूर्ण भारित असताना ४.२ असते व सरासरी ३.७ धरले जाते. ते ३.० च्या खाली गेल्यास सेल निकामी होऊ शकतो. १२ सेलची बॅटरी पूर्ण भारित असताना ५०.४ व्होल्ट दाखवते. विमानांतील नियंत्रक मर्यादा येताच शक्ती घटवतो किंवा तोडतो. ड्रोनमध्ये हीच सुविधा हवेत असताना कार्यान्वित झाल्यास तो कोसळू शकतो. म्हणून बहुपंखी ड्रोनच्या नियंत्रकांत ती सहसा बंद ठेवली जाते आणि बॅटरीवरील देखरेख उड्डाण-संगणकाकडे सोपवली जाते. त्यामुळे बॅटरीचा इशारा मिळताच ‘एवढी ओळ संपवू’ असे न म्हणता ड्रोन उतरवणे, हेच खरे संरक्षण होय.

ध्वनिसंकेतांची भाषा

बॅटरी जोडल्यावर ऐकू येणारा ‘बीप’ आवाज बहुधा मोटारीतूनच येतो. नियंत्रक तिच्या वेटोळ्यांना सूक्ष्म स्पंदने देतो. सर्व मोटारींचा आवाज एकसारखा व एकाच वेळी आला पाहिजे. एखादी मोटार गप्प राहिली किंवा सतत बीप देत राहिली, तर उड्डाण करू नये. संकेतांचे अर्थ उत्पादनानुसार बदलतात. ते माहितीपुस्तिकेत पाहावेत.

चालकांनी घ्यावयाची दक्षता

- जोडणी किंवा मोटार तपासताना पंखे काढून ठेवावेत.
- बॅटरीची धन-ऋण टोके तपासूनच जोडावीत. उलट जोडणीपासून बहुतेक नियंत्रकांना संरक्षण नसते; ते तत्काळ जळतात.
- फवारणीनंतर ओल्या कापडाने मोटारी व भुजा पुसाव्यात. औषधाचे अवशेष जोडण्या गंजवतात आणि उष्णता बाहेर जाण्याच्या फटी बुजवतात.
- उतरल्यानंतर, पंखे पूर्ण थांबल्यावर, मोटारींची उष्णता पडताळावी. एकच मोटार इतरांपेक्षा अधिक तापत असल्यास पुढील उड्डाण थांबवावे.
- नियंत्रक बदलताना उत्पादकाने सांगितलेल्या अँपिअर व व्होल्ट क्षमतेचाच बसवावा.
- संरक्षणाची मांडणी स्वतः बदलू नये. अधिकृत सेवा केंद्राची मदत घ्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात नोझलच्या मापनाबरोबर ही तपासणीही दाखवावी. वेगनियंत्रक मोटार वाचवू शकतो. उड्डाण वाचवण्याची जबाबदारी चालकाचीच असते.