आज पुलापाशी पाणी किती?

सुमारे तीन वर्षे रोज सकाळी सहाच्या सुमारास माझ्या मोबाइलवर गुलाबाचे एक फूल येत असे. फुलाखाली 'शुभ प्रभात, जय जिनेंद्र' ही अक्षरे. पाठविणारे माझे जुने सहकारी. बार्शीच्या शाखेत आम्ही साडेचार वर्षे एकत्र काढली. ते मुख्य रोखपाल, मी कर्ज विभागाचा अधिकारी. वयाने ते माझ्याहून चार वर्षांनी वडील, आणि सारी शाखाच त्यांना अण्णा म्हणत असे, म्हणून मीही म्हणू लागलो. महिन्यातून एखाद्या रविवारी एस.टी.ने कुंथलगिरीला जावे, दर्शन घ्यावे, डबा खावा आणि वाटेत आठवडाभराच्या साऱ्या गोष्टी बोलून घ्याव्यात, असा आमचा परिपाठ होता. निवृत्तीनंतर अण्णा सोलापुरात मुलाकडे राहू लागले आणि मी सांगलीत आलो. त्यांचे फूल आले की मीही एक फूल परत पाठवीत असे. दोघेही खुशाल आहोत आणि स्नेह अखंड आहे, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती.

एका विवाहाच्या निमित्ताने सोलापूरला जाणे झाले, तेव्हा न कळविता अण्णांच्या घरी गेलो. नातवाने दार उघडले. अण्णा खिडकीशी खुर्चीत बसले होते. मी समोर जाऊन हात जोडले. त्यांनी चेहरा माझ्या दिशेने वळविला, परंतु ओळखीची खूण दिसेना. मग त्यांनी नातवालाच विचारले, "कोण आले आहे रे?"

काचबिंदू झाला होता. हा रोग दुखत नाही आणि खुपत नाही. कडेची नजर आधी जाते, त्यामुळे माणसाला फार उशिरा कळते, आणि गेलेली नजर परत येत नाही. अण्णांना दीड वर्षापासून केवळ उजेड आणि अंधार एवढाच भेद कळत होता. मग रोजची फुले कोण पाठवीत होते? नातू म्हणाला, "आजोबांनी आधीच सांगून ठेवले होते, यादीतल्या सगळ्यांना रोज पाठवायचे. मी शाळेत जाण्यापूर्वी पाठवतो."

मी थोडा रागावूनच बोललो, "अण्णा, एवढे झाले आणि मला कळवायचेही नाही?" ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही विचारले असते तर सांगितले असते. गुलाबाच्या फुलाला उत्तर म्हणून डोळे गेल्याचे कसे कळवायचे?"

या दीड वर्षात एक क्षमावणीही येऊन गेली होती. 'उत्तम क्षमा' असे लिहिलेले एक सुबक चित्र मी बोटाच्या एका दाबाने दीडशे जणांना पाठविले होते. त्या दीडशेत अण्णाही होते. ते चित्र त्यांना कोणी वाचून दाखविले की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. त्या दिवशी भाद्रपद नव्हता, तरी मी त्यांचे हात धरून क्षमा मागितली. ते म्हणाले, "चहा घ्या आधी."

परतीच्या प्रवासात, सवयच ती, बँकेचे नियम आठवले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बचत खात्यावर दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः केलेला एकही व्यवहार नसेल, तर ते खाते निष्क्रिय ठरते. या काळात खात्यात काहीच घडत नाही असे नव्हे. बचतीचे व्याज जमा होते, एखादे शुल्क वजा होते, पासबुक छापून घेतले तर ओळीही उमटतात. परंतु त्या नोंदी बँकेच्या असतात. त्यांना खातेदाराचा व्यवहार मानीत नाहीत. दहा वर्षे असेच गेले तर शिल्लक ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. हा निधी २०१४ साली स्थापन झाला. पैसा बुडत नाही, खातेदाराने अर्ज व ओळखीची कागदपत्रे दिली की तो परत मिळतो. अशी कित्येक खाती मी स्वतःच्या सहीने निष्क्रिय यादीत घातली आहेत. अण्णांचे आणि माझे खाते व्याजाच्या नोंदींवर चालले होते, हे मात्र माझ्या लक्षात आले नव्हते.

आपल्या व्यापारी घराण्यांत पूर्वी असे होत नसे, असे मी सरसकट म्हणणार नाही. परंतु पत्रांची रीत निराळी होती. माझ्या वडिलांचे सांगलीत हळदीचे लहानसे अडत दुकान होते. बार्शी, लातूर, क्वचित राजस्थानातील पेढ्यांचीही पत्रे येत. माथ्यावर 'श्री', मग क्षेमकुशल, आणि त्यानंतर मारवाडी वळणाच्या पत्रांत हटकून येणारे शब्द, 'अपरंच समाचार'. त्यापुढे खरा मजकूर सुरू होई. हळदीचा भाव, हुंडीची तारीख, आणि त्याच ओळीत पाऊस कसा आहे, वडिलांचा गुडघा कसा आहे, म्हैस व्याली की नाही. अखेरीस 'देवदर्शन करताना आमची आठवण करावी' एवढी विनंती. व्यवहार आणि घरची वार्ता यांच्यासाठी दोन कागद कोणी वापरीत नसे. एक तर पैसा वाचवायचा आणि दुसरे म्हणजे ज्याच्याशी उधारीचा संबंध आहे त्याच्या घरी काय चालले आहे हे कळणे व्यापारालाही आवश्यक होते. आपल्या देशात १८७९ च्या जुलैत पोस्टकार्ड सुरू झाले, तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती. एवढ्याशा जागेत आपल्या वाडवडिलांनी काय काय बसविले! माझे वडील तर मजकूर संपला की कार्ड आडवे धरून समासातही लिहीत.

त्याहून जुने एक उदाहरण मला फार आवडते. श्वेतांबर परंपरेत 'विज्ञप्तिपत्र' नावाचा पत्रप्रकार होता. पर्युषणानंतर क्षमायाचना करण्यासाठी, तसेच आगामी चातुर्मास आपल्या नगरात करावा अशी विनंती करण्यासाठी संघ आचार्यांकडे ही पत्रे पाठवी. कागद जोडून केलेली लांबलचक गुंडाळी असे. आरंभी मंगलचिन्हे, मग नगराचे चित्रण, म्हणजे मंदिरे, बाजार, दुकाने आणि रस्त्यावरची माणसे, व शेवटी मजकूर. आग्र्याच्या संघाने १६१० साली आचार्य विजयसेन सूरींना पाठविलेले विज्ञप्तिपत्र विशेष प्रसिद्ध आहे. ते उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने रंगविले असून पर्युषणात पशुवध बंद ठेवण्याच्या जहांगीर बादशहाच्या फर्मानाचा प्रसंग त्यात आहे. फर्मान ही मोठी बातमी, ती चित्रित होणारच. परंतु इतर अनेक विज्ञप्तिपत्रांत हलवायाचे दुकान आणि कापडाची पेढीही दिसते. क्षमा मागण्यासाठी लिहिलेल्या पत्रात संघाने आपला रोजचा बाजार का रंगवावा? दूर असलेल्या पूज्य व्यक्तीला आपण कसे राहतो, हे दाखविल्याशिवाय त्यांना ते पत्र अपुरे वाटत असावे, असा माझा तर्क आहे.

सोलापूरहून परतल्यावर मी अण्णांना फोन करू लागलो. वेळ सव्वासातची ठरली, कारण सूर्यास्तापूर्वीचे जेवण तोवर दोन्ही घरी आटोपलेले असते. पहिला आठवडा अवघड गेला. प्रकृती कशी आहे, बरी आहे, मुले काय म्हणतात, बरी आहेत; यापुढे गाडी जाईना. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी एस.टी.त दोन तास न थांबता बोलणारे आम्ही दोघे फोन कानाला लावून गप्प बसत होतो. मग मी वर्तमानपत्रातील मथळे वाचून दाखवू लागलो. दुसऱ्याच दिवशी अण्णांनी थांबविले. "हे सगळे मी टीव्हीवर ऐकतो. तुम्ही आज घराबाहेर पडलात ना? काय दिसले ते सांगा."

काय दिसले? मला सांगता येईना. मी पडलो होतो बाहेर, मंदिरात गेलो होतो, भाजी आणली होती, पण पाहिले काहीच नव्हते. दुसऱ्या दिवसापासून लक्ष देऊन पाहू लागलो. मार्केट यार्डात राजापुरी हळदीचा सौदा कितीला सुटला, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची पाटी नव्याने रंगविताना स्पेलिंग कसे चुकले, मंदिराच्या पायरीवर कोणाची चप्पल बदलून गेली. हे सारे अण्णांना हवे असते. अण्णा मला ऐकू आलेले सांगतात. सून भाकरी थापते तेव्हा पीठ नवे आहे की जुने हे त्यांना आवाजावरून कळते, असा त्यांचा दावा आहे. मला तो मान्य नाही, पण वाद चालू आहे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा गलबला ते मला खिडकीतून फोनवर ऐकवितात.

आमचे कायमचे दोन विषय मात्र पाण्याचे आहेत. सोलापूरकराच्या तोंडी उजनी धरणाची टक्केवारी बारा महिने असते. उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून मृत साठ्यातील पाणी घ्यावे लागले की टक्केवारी उणे मोजतात. अण्णा त्याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात. आम्हा सांगलीकरांचे उलट असते. कृष्णेवरील आयर्विन पूल १९२९ सालचा. तेथे पाणी किती फूट चढले, हा आमचा पावसाळ्यातील पहिला प्रश्न. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. एकाला पाणी नको आणि दुसऱ्याला हवे, त्यामुळे बोलणे रंगते.

या किरकोळ वार्तांचा एकदा वेगळाच उपयोग झाला. गेल्या वर्षी सलग चार दिवस अण्णांनी जेवणात ताकभात घेतल्याचे सांगितले. भाकरीवाचून ज्यांचा दिवस जात नाही, ते चार दिवस ताकभात खातात? पाचव्या दिवशी नेट लावून विचारले, तेव्हा कळले की कवळीला तडा गेला होता. मुलाला मार्चअखेरची घाई, उगाच त्याला खर्च आणि खेटे नकोत, म्हणून अण्णा गप्प होते. मी मुलाला फोन केला. अण्णा माझ्यावर दोन दिवस रुसले, आणि तिसऱ्या दिवशी भाकरी खाल्ल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले.

आमच्या स्वाध्यायाच्या वर्गात एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी यावर आक्षेप घेतला. शास्त्रात विकथा हा प्रमादाचा भेद सांगितला आहे आणि त्यात भोजनकथा व राजकथा येतात. रोज संध्याकाळी तुम्ही दुसरे काय करता? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. राजकथेपुरता मी तो तत्काळ मान्य केला. राजकारण आम्ही वर्ज्यच केले आहे. खरे सांगायचे तर धर्मासाठी नव्हे, अण्णांचा पक्ष वेगळा आणि माझा वेगळा म्हणून. कोणाच्या सुनेची, जावयाची निंदाही निघू द्यायची नाही, असे ठरविले आहे. ते मात्र नेहमी पाळले जाते असे नाही. भोजनकथेविषयी मी त्यांना फक्त कवळीची हकीकत सांगितली. ते काही बोलले नाहीत. पण गेल्या महिन्यात वर्ग सुटल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले आणि इचलकरंजीच्या एका जुन्या मित्राचा नंबर मोबाइलमध्ये कसा शोधायचा, ते विचारले.

इतर मित्रांशीही असाच संबंध आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दीडशे जणांशी रोज बोलता येत नाही. पुण्याचे एक आणि तासगावचे एक, एवढ्या दोघांना मी आठवड्यातून एकदा फोन करतो. बाकीच्यांना अजून फुलेच जातात.

परवा दिवसभर पावसाची झड होती. सव्वासातला फोन लावला, तर नमस्कार व्हायच्या आतच अण्णांनी विचारले, "आज पुलापाशी पाणी किती?"

"सकाळी अठरा फूट होते."

"सकाळचे शिळे झाले. आत्ताचे सांगा."

छत्री घेतली आणि निघालो. पुलावर माझ्यासारखीच दहा-बारा माणसे आकडा पाहायला आली होती. तेथूनच फोन केला. "एकवीस," मी म्हणालो. "उजनी?"

"उणे चार. पण काल उणे सात होती."