कोष्टके, वस्तू आणि मधला दुभाष्या

शाळेच्या ग्रंथालयातील देवघेवीची वही तुम्ही पाहिली असेलच. समजा, तीच माहिती संगणकात ठेवायची आहे. तेथे ती कोष्टकांच्या रूपाने राहते. एका कोष्टकात विद्यार्थी, दुसऱ्यात पुस्तके; आणि प्रत्येक पुस्तकाच्या ओळीत, ते ज्याच्याकडे आहे त्या विद्यार्थ्याचा क्रमांक. माहिती अशा परस्परसंबंधित कोष्टकांत मांडण्याची कल्पना आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध केली. कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा त्याच कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडली. तीच पुढे एसक्यूएल म्हणून रूढ झाली.

आज्ञावली लिहिणारा मात्र बहुधा 'वस्तूं'च्या रूपात विचार करतो. पायथन किंवा जावा भाषेत 'विद्यार्थी' ही एक वस्तू. नाव, इयत्ता आणि घेतलेल्या पुस्तकांची यादी, सारे तिच्याच पोटात. कोष्टकाच्या ओळीत अशी यादी कोंबण्याची रीत नाही. मग दोघांमध्ये दुभाष्या हवा. त्यालाच ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, थोडक्यात ओआरएम म्हणतात. (नाव भारदस्त, काम साधे!) जावासाठी हायबरनेट २००१ मध्ये आले, पायथनसाठी एसक्यूएलअल्केमी २००६ मध्ये.

"दुभाष्या आहे, तर एसक्यूएल शिकायची कशाला?" हा प्रश्न हटकून विचारला जातो. याचे उत्तर हिशेबानेच मिळेल.

वर्गात ४० विद्यार्थी आहेत. तुम्ही म्हणालात, "सर्व विद्यार्थी आण." दुभाष्याने एक फेरी मारली. पुस्तके त्याने आणली नाहीत, कारण तुम्ही मागितली नव्हती. आता तुम्ही एकेका विद्यार्थ्याची पुस्तके छापू लागता. प्रत्येक वेळी तो निमूटपणे पुन्हा कोष्टकांकडे धावतो. एकूण फेऱ्या ४१. एका फेरीला ५ मिलिसेकंद धरले, तर सुमारे पाव सेकंदाच्या आत काम संपते आणि कोणाला काही जाणवत नाही. पण विद्यार्थी ४०,००० असतील तर? २०० सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून अधिक! आज्ञावलीत चूक तर एकही नाही. या दुखण्याला 'एन अधिक एक' म्हणतात. उपाय सोपा: "विद्यार्थी आण, आणि त्यांची पुस्तकेही बरोबरच आण," असे आधीच सांगायचे. मग एकदोन फेऱ्यांत काम होते. पण फेऱ्या ओळखायच्या, तर दुभाष्या काय बोलतो ते कळायला हवे.

दुसरा नेहमीचा प्रश्न: वस्तूतले नाव बदलले, तरी कोष्टकात जुनेच का? दुभाष्या बदल साठवून ठेवतो. 'कमिट' म्हटल्यावर ते कायम होतात.

प्रयोग करून पाहा. एसक्यूएलअल्केमीत 'इको' ही सोय चालू केली, की दुभाष्याचे प्रत्येक एसक्यूएल वाक्य पडद्यावर उमटते. एका आज्ञावलीने दहा विद्यार्थी व काही पुस्तके भरा, दुसरीने वर सांगितल्याप्रमाणे वाचा, आणि 'सिलेक्ट'ने सुरू होणारी वाक्ये मोजा. एकही पुस्तक न घेतलेला विद्यार्थी मोजायला विसरू नका; त्याच्यासाठीही एक फेरी झालेली दिसेल.